मदत हवी आहे: नालेसफाईची नालानिहाय माहिती लवकर कशी मिळवायची?

भांडुप-विक्रोळी पट्ट्यातल्या छोट्या साप्ताहिकाची स्थानिक पानं मी बघते. वार्ताहर एकच, आणि तोच फोटोही काढतो. दरवर्षी आपण छापतो ते आकडे महापालिकेच्या पत्रकातले, बहुतेक अख्ख्या मुंबईचे. त्यात आमच्या गल्लीमागचा नाला सापडतच नाही.

विभाग कार्यालयात अभियंत्यांना भेटलो, त्यांनी मुख्यालयाकडे बोट दाखवलं. तिथून पुन्हा विभागाकडे. (टोलवाटोलवी तीच, टेबलं तेवढी वेगळी.) माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, पण ३० दिवसांची मुदत संपेपर्यंत पाऊस सुरू झालेला असेल. पहिलं अपील करता येतं हे माहीत आहे, तोवर बातमी शिळी होईल. नाल्याचे आमचे फोटो आहेत, पण त्यावरून गाळ किती काढला हे सिद्ध होत नाही. नगरसेवकांकडून आलेला कागद नकोय, निवडणुकीचा वास येतो.

मला हवंय ते एवढंच: एका नाल्यातून किती गाळ काढला, गाड्यांच्या किती खेपा झाल्या, वजनकाट्याच्या पावत्या आणि कंत्राटदाराचं बिल. अर्जात प्रतींऐवजी थेट नोंदी पाहण्याची मागणी केली तर काम लवकर होतं का? कुणी विभाग कार्यालयात तशा पाहिल्या असतील, तर अर्जात नेमकं काय लिहिलं होतं?