खरोखर घाबरवणाऱ्या झोंबीकथा: तुम्हाला त्यांत नेमकं काय खेचतं?

रबाळे_रात्रपाळी

आधीच सांगतो, विनोदी झोंबी सुचवू नका. 'झोंबिवली' सिनेमातले डोंबिवलीचे झोंबी थिएटरात जाऊन, शिट्ट्या मारून बघून झालेत. मजा आली. घरी येऊन गाढ झोपलो, आणि माझी तक्रार तीच आहे.

राहायला ऐरोली, नोकरी सपोर्टची, बरीचशी रात्रपाळी. कॅब पहाटे तीन-सव्वातीनला गेटवर सोडते. वॉचमन खुर्चीत मान टाकून झोपलेला, दोन कुत्री, बाकी शुकशुकाट. वर जाऊन आमटी गरम करतो आणि ताटाशेजारी झोंब्यांची कादंबरी उघडतो. बायको म्हणते, रात्रभर लोकांची रडगाणी ऐकून आलेला माणूस भजन लावेल. मी वाचतो ते शहर कसं पडलं याचं वर्णन. त्यातही पहिले तीन-चार दिवस मला सगळ्यात आवडतात. टीव्हीवर 'अफवांवर विश्वास ठेवू नका' चालू असतं, मग फोन लागेनासे होतात, मग नळाला नुसती हवा येते. रक्तामांसाचं मला फारसं काही नाही, ती पानं मी भराभर उलटतो.

आई कुडाळची. भुतांशी तिचं शेजाऱ्यांसारखं आहे. तिला एकदा झोंबी समजावून सांगत होतो. मेलेला माणूस उठतो, चावतो, चावला की आपण त्याच्यासारखे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेका व्हया काय पण?"

मला उत्तरच देता येईना. आपल्याकडच्या प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. देवचाराला नारळ, कुणाला कोंबा, मुंज्याचं लग्न राहिलेलं, हडळीचा हिशोब बाकी. माझ्या सपोर्टच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक भुताचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, असतं आणि ते कधी ना कधी क्लोज करता येतं. झोंबीचं तिकीटच नाही. राग नाही, इच्छा नाही, समोर उभा आहे तो कालपर्यंत दूध टाकणारा माणूस. "मगे नारळ कोणाक देवचो?" म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली. त्या रात्री मला जरा भीती वाटली खरी.

तर प्रश्न असा, की तुम्हाला हे का वाचावंसं वाटतं? आणि कुठे खरोखर टरकलात?

ठाणे_स्लो

ठाण्याजवळ राहून झोंबी बघायला पैसे कशाला घालवता? सकाळी स्टेशनच्या पुलावर या. फुकट.

रबाळे_रात्रपाळी

@ठाणे_स्लो, हा विनोद येणार हे माहीत होतं, पण पहिल्याच प्रतिसादात येईल असं वाटलं नव्हतं.

आणि मला तो पटत नाही. कॉलेजात असताना आम्ही कळव्याला होतो. एकदा गाडी सुटली तेव्हा माझा एक पाय आत, एक बाहेर. आतून कुणीतरी सॅकचा पट्टा धरून खेचलं. तोंड दिसलं नाही, शिवी तेवढी ऐकू आली. आपल्या गर्दीत तो हात असतो. झोंब्यांच्या गर्दीतही हात पुढे येतात, हजार येतात, पण वर ओढून घेणारा त्यातला एकही नसतो. म्हणून ती गर्दी बघवत नाही.

सुई_टोचणारी

मी या कथांकडे धंद्याच्या नजरेने बघते. बारा वर्षं दवाखान्यात कुत्रा चावलेल्यांना इंजेक्शनं देतेय. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. पहिल्या दोन डोसांना माणसं धावत येतात. चौदाव्याला निम्म्यांना फोन करावा लागतो. "सिस्टर, आता काही होत नाहीये." हो, होत नाहीच! रेबीज आठवडे, कधी महिने गप्प बसतो. आणि एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. पाण्याचा पेला पुढे केला की घसा आवळतो. चावणं, लाळ, ओळख हरवणं, हे लेखकांनी हवेतून आणलेलं नाही.

म्हणून मला झोंब्यांच्या झुंडी घाबरवत नाहीत. मला घाबरवतो तो बाहीखाली चावा लपवून सगळ्यांबरोबर जेवायला बसलेला माणूस. तो मी रोज पाहते. एक बाई चारेक दिवसांनी आल्या, पोटरीवर दात स्पष्ट. इतके दिवस काय केलं विचारलं तर म्हणाल्या, "कुत्रा ओळखीचा होता ओ, रोज पोळी घालते मी त्याला."

(अवांतर: कुत्रं चावलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद-चुना लावू नका. धागा कुठलाही असो, हे मी लिहिणारच.)

जुने_कागद

सुईताईंचा मुद्दा उचलतो. चावा लपवणं आपल्याला नवीन नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला. घरोघर झडत्या सुरू झाल्यावर लोक काखेतल्या-जांघेतल्या गाठी लपवायचे, आजारी माणूस माळ्यावर दडवायचे. पुण्यात त्या झडत्यांचा संताप इतका, की 22 जून 1897 ला रँडवर गोळी झाडली गेली, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. त्याच वर्षीचा साथरोग कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने बाहेर काढून लावला. तेव्हा कपाटातून जुना ओव्हरकोट काढून घातल्यासारखं वाटलं होतं मला.

तुम्हाला सुचवणी हवी असेल तर रोमेरोचा 1968 चा कृष्णधवल सिनेमा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' बघा. त्यात 'झोंबी' हा शब्दच कुणी उच्चारत नाही. शेतघरात अडकलेली माणसं तळघरात जायचं की वरच थांबायचं यावर भांडत बसतात. (शेवट सांगतोय, नको असेल तर परिच्छेद सोडा.) रात्रभर वाचलेला नायक सकाळी सुटका करायला आलेल्यांच्याच गोळीने मरतो. आणि वाचतो कुठे, तर ज्या तळघरात जायचं नाही म्हणून रात्रभर भांडला तिथे. पुस्तकात मॅक्स ब्रुक्सचं 2006 चं 'वर्ल्ड वॉर झेड' घ्या. सगळं मुलाखतींच्या रूपात आहे. एक मुलाखत गुजरातेतल्या अलंगची आहे, जिथे जुनी जहाजं फोडतात. लोक जीव वाचवायला मोडीत निघालेल्या जहाजांकडे पोहत सुटतात. आपल्याच किनाऱ्यावरची गोष्ट, म्हणून जास्त लागते.

रबाळे_रात्रपाळी

अलंग वाचलंय. जहाजावरचे कुणाला वर घेतात आणि कुणाला नाही, तिथे मी पुस्तक उलटं ठेवून गॅलरीत गेलो होतो.

तुमचे प्रतिसाद वाचता वाचता लक्षात आलं, की मी ज्या पानांवर अडखळतो त्या सगळ्या पानांवर दार असतं. 'ट्रेन टू बुसान' या कोरियन सिनेमातल्या ट्रेनमध्ये डब्यातले लोक पलीकडून जिवंत आलेल्यांना दार उघडत नाहीत. झोंबी मागे पडतात, दाराच्या काचेआडची साधी माणसं लक्षात राहतात. इस्त्रीचे शर्ट घातलेली.

लिहू की नको असं चाललं होतं, पण नाव खोटंच आहे, तर लिहितो. एप्रिल 2020. आमच्या सोसायटीतल्या एक बाई मुंबईत एका हॉस्पिटलात आया आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की त्यांनी काही दिवस तिकडेच राहावं, लहान मुलं आहेत इथे. पटापट अंगठे पडले. एक माझा. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. छोट्या गेटला साखळी. मी तिसऱ्या मजल्यावर खिडकीत, पडद्यामागे. त्यांच्या हातात दुधाच्या दोन पिशव्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. त्या पिशव्या या हातातून त्या हातात घेत होत्या, मग ओढणीत गुंडाळल्या, मग खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या. ओरडल्या नाहीत. एकदा वर बघितलं, सगळ्या खिडक्यांवरून नजर फिरवली. वीसेक मिनिटांनी वॉचमनने कुणालाच न विचारता साखळी काढली. संध्याकाळी ग्रुपवर त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते इथे देत नाही.

तेव्हापासून पुस्तकात दार आलं की मी आतल्या माणसांची वाक्यं सावकाश वाचतो. फार समजूतदार बोलतात ती. मुलांची काळजी असते, सगळ्यांच्या भल्याचं असतं. मी हे का वाचतो त्याचं उत्तर बहुतेक तिथेच कुठेतरी आहे. भजनात ते दार येत नाही.

ठाणे_स्लो

वरचा माझा विनोद मागे घेतो. त्या बाई अजून तिथेच राहतात?

रबाळे_रात्रपाळी

हो. परवा पहाटे लिफ्टमध्ये भेटल्या. त्याही रात्रपाळीहून आलेल्या. मी हात पुढे करायच्या आत त्यांनी तीनचं बटण दाबलं, मग स्वतःचं पाचचं.