बाल कल्याण समितीवर नजर कुणाची हवी: जिल्हाधिकाऱ्यांची की जाणकारांची?

खारेगावकर (धागाकर्ता)
ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं शाळेतलं प्रकरण झालं, लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर आपल्या ठाणे जिल्ह्यात चर्चा झाली ती सीसीटीव्हीची, शाळांची आणि पोलिसांची. पण मूल घरातच सुरक्षित नसेल, किंवा त्याला घरच नसेल, तर त्याचं पुढे काय करायचं हे जी यंत्रणा ठरवते तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. अध्यक्ष आणि चार सदस्य, मुदत तीन वर्षं. सापडलेलं मूल २४ तासांच्या आत त्यांच्यापुढे न्यावं लागतं. ते आईकडे जाईल, मामाकडे की बालगृहात, हे ही पाच माणसं ठरवतात आणि त्यांना न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. समितीविरुद्धची गाऱ्हाणी ऐकायचं काम मूळ कायद्यातच जिल्हाधिकाऱ्यांकडे होतं; २०२१ ची दुरुस्ती सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि त्यांचे अधिकार आणखी वाढले.

माझा याच दिशेला आक्षेप आहे. नजर हवीच, पण मुलांशी बोलायचं कसं हे ज्याला कळतं त्याची. शहापूर तालुक्यातल्या कवडासचं बालगृह आठवतंय? बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे तिथले हाल २०१० मध्ये बातम्यांतून बाहेर आले. उच्च न्यायालयाने त्यावर जाणकारांची समिती नेमली, अशा बालगृहांना भेटी सुरू झाल्या, आणि पुढच्याच वर्षी कळंबोलीच्या एका संस्थेतले मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. धड बोलताही न येणाऱ्या मुलींकडून ते समजून घ्यायचं म्हणजे नुसती हजेरीवही तपासून भागत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पाणीटंचाई, निवडणूक, भूसंपादन सगळंच असतं. त्यात हे एक.

नौपाडा_वकील
खारेगावकर, जाणकारांवरचा तुमचा विश्वास मला धोकादायक वाटतो. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या मुलींवरच्या अत्याचारांचं पूर्ण उदाहरण घ्या. २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सामाजिक लेखापरीक्षणातून ते प्रकरण बाहेर आलं, हे तुमच्या बाजूचं. पण जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं त्यांत त्याच जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा माजी अध्यक्ष होता, एक सदस्य होता आणि बाल संरक्षण अधिकारीही होता. मुलांच्या क्षेत्रातला सात वर्षांचा अनुभव, किंवा त्या विषयातली पदवी असलेला व्यावसायिक, ही अट तेव्हाही कायद्यात होतीच. कागदावर जाणकार असण्याने काय टळलं?

माझ्या मते सुधारणा आदेशापासून सुरू व्हावी. मूल घरापासून तोडायचं तर का, ते कारणासकट लिहा आणि पालकांना त्याच दिवशी प्रत द्या. कायद्यात ३० दिवसांत अपील करता येतं, पण प्रतच हातात नसेल तर अपील करायचं कशावर? मुंब्र्याची, वागळे इस्टेटची माणसं माझ्याकडे येतात. त्यातल्या कित्येकांना मूल कुठल्या कलमाखाली ठेवलंय हेसुद्धा कुणी सांगितलेलं नसतं. गोपनीयता मुलाची ओळख जपण्यासाठी आहे, समितीचं काम झाकण्यासाठी नाही.

ऐरोलीची_समाजसेविका
दोघांचंही पटत नाही. तुम्ही दोघं वरच्या पाच खुर्च्यांवर भांडताय. त्या खुर्च्यांपुढे येणारा सामाजिक तपासणी अहवाल कोण लिहितं? कंत्राटी माणूस. हे काम मी केलंय, म्हणून सांगते. १५ दिवसांत अहवाल द्यायचा, हाताशी गाडी नाही, एका दिवशी दिवा, दुसऱ्या दिवशी मुरबाड. मग अहवालात येतं, "आर्थिक परिस्थिती हलाखीची, वडील व्यसनी, बालगृहात ठेवणे योग्य." शेजारी काय म्हणतात, शाळेतल्या बाई काय म्हणतात, आजी सांभाळायला तयार आहे का, यातलं काही नाही. या तीन ओळींवर समितीत कितीही मोठा मानसोपचारतज्ज्ञ बसवा, तो काय ठरवणार?

आणि कौशल्य आपण स्वतःच घालवलं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि स्वयंसेवी संस्थांच्या माणसांवर उभी राहिली. २०२३ मध्ये ती सरकारी यंत्रणेत गेली. स्टेशनावरच्या मुलाशी बोलायची ज्यांना वर्षानुवर्षांची सवय, त्यांतले किती टिकले? जबाबदारी मागायची तर आधी माणसं कायम करा.

बेलापूर_सेक्टर१५
मी जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूने. नवी मुंबईत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. बेलापूरला मूल सापडलं तर ठाणे जिल्हा, पुढच्याच स्टेशनवर खारघरला सापडलं तर रायगड. पोलीस आयुक्तालय एकच, समित्या दोन. आई बेलापूरला आणि मूल खारघरला, असं झालं की फाइल या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरते. ती फाइल पुढे ढकलायची, पोलिसांना बोलवायची, रुग्णालयाला सांगायची ताकद तज्ज्ञांकडे नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. शिवाय चुकलं तर विचारायला एक माणूस तरी मिळतो. तज्ज्ञ समितीत सगळे मानद, जाब विचारायचा कुणाला?

दिव्याची_आत्या
मी यातली जाणकार नाही. भावाच्या मुलासाठी अशा एका समितीपुढे जावं लागलं, तेवढंच सांगते. नऊ वर्षांचा मुलगा, टेबलापलीकडे सगळी मोठी माणसं. "तुला कुणाकडे राहायचंय?" असं पुन्हा पुन्हा विचारलं, तो मान खाली घालून गप्प. मग एका बाईंनी विचारलं, "शाळेतून आल्यावर कुलूप कोण उघडतं?" तो म्हणाला, "मीच. चावी दप्तरात असते." मग दिवा कोण लावतं, जेवायला कोण वाढतं, असं करत करत रात्री तो एकटाच झोपतो हे बाहेर आलं. आम्हा घरच्यांनाही ते माहीत नव्हतं.

वकीलसाहेब, तुमचं प्रतीचं म्हणणं बरोबर आहे, आम्हालाही प्रत मागून मागून मिळाली. पण त्या बाई नसत्या तर त्या प्रतीत काय लिहिलं असतं?

नौपाडा_वकील
आत्या, तुमचा अनुभव मी मनापासून मानतो. माझी भीती एवढीच की त्या बाईंची मुदत तीन वर्षांनी संपली की पुढे कोण येईल यावर त्या मुलाचं नशीब ठरू नये. सर्वोच्च न्यायालयाने संपूर्णा बेहुरा प्रकरणात २०१८ मध्येच राज्यांना अशा समित्यांवरची रिकामी पदं तातडीने भरायला बजावलंय. नेमणूक उशिरा, तीही घाईत, मग अशी माणसं मिळणं हा योगायोगच राहतो.

खारेगावकर
आत्यांनी सांगितलं तेच मला म्हणायचं होतं. चांगला प्रश्न विचारणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि ती पोस्टिंगबरोबर आपोआप येत नाही.

बेलापूरकर, जिल्हाधिकाऱ्यांची ताकद मला मान्य आहे. दोन जिल्ह्यांतली फाइल त्यांनीच हलवावी. पण बालगृहांची तपासणी वेगळी. कलम ५४ प्रमाणे दर तीन महिन्यांनी किमान तिघांचं पथक जायला हवं, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. आता तो अहवालही जिल्हाधिकाऱ्यांकडेच जातो. ज्यांनी यंत्रणा चालवायची, त्यांनीच तिचे दोषही वाचायचे. म्हणून मी मागतो ते एवढंच: वर्षातून एकदा जिल्ह्याबाहेरचं, मुलांसोबत काम केलेलं पथक आत जाऊ दे, मुलांशी एकट्याने बोलू दे, आणि मुलांची ओळख वगळून त्याचा अहवाल लोकांसमोर येऊ दे.

बेलापूर_सेक्टर१५
जिल्ह्याबाहेरच्या पथकाला हरकत नाही. पण त्यांच्या अहवालावर कारवाई कोण करणार? शेवटी पुन्हा जिल्हाधिकारीच.

ऐरोलीची_समाजसेविका
करू देत की. पण आधी कळू तर दे. वकीलसाहेब, माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही लिहा: गेल्या वर्षी किती तपासण्या झाल्या, किती अहवाल आठवड्याच्या मुदतीत आले. त्यात माझा एक प्रश्न घाला, जिल्हा बाल संरक्षण कक्षातली, म्हणजे आम्ही अहवाल लिहिणारी माणसं जिथे काम करतो तिथली, किती पदं रिकामी आहेत आणि कधीपासून.

नौपाडा_वकील
लिहितो. ठाणे आणि रायगड, दोन वेगळे अर्ज लागतील. रायगडचा बेलापूरकरांनी टाकावा.