चेंगडूचा मॉल: शहराची चावडी की चकचकीत पिंजरा?

मुसाफिर_पुणेकर:
कामानिमित्त दहा दिवस चीनमधल्या चेंगडूला होतो. संध्याकाळी हॉटेलच्या भिंती बघण्यापेक्षा मॉल पालथे घातले. पहिला आयएफएस नावाचा मॉल. लॉरेन्स आर्जेंट या शिल्पकाराचा १५ मीटरचा पांडा इमारतीवर चढतोय. रस्त्यावरून त्याचं फक्त बूड दिसतं. तोंड बघायचं तर सातव्या मजल्यावरच्या बागेत जा, म्हणजे वाटेत सगळी दुकानं आलीच. धंदा करावा तर असा!

पण मुद्दा वेगळा. तिथं मला खरेदीपेक्षा रेंगाळणारे जास्त दिसले. आजोबा नातवाला घेऊन एसीत फिरतायत. कपड्यांच्या दुकानाशेजारी विजेच्या गाड्यांचं शोरूम, त्यात पोरं स्टिअरिंग धरून बसलीत, कुणी हटकत नाही. तळघरात खाण्याची दुकानं आणि तिथूनच मेट्रो. मॉल म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असं मीही म्हणायचो. आता नाही म्हणणार. ती त्या शहराची चावडी आहे.

खवचट_काका:
साफ असहमत. चावडीवर बसायला मोबाइल लागत नाही. २०१८ साली मी त्याच शहरात एका मॉलमध्ये नूडल्ससमोर शंभर युआनची नोट हातात घेऊन उभा होतो. काउंटरवरची मुलगी क्यूआर कोडकडे बोट दाखवत राहिली. रोख नाकारणं तिथं बेकायदा आहे, त्याच वर्षी त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं तसं बजावलंही होतं. माझ्या पोटाला त्याचा काय उपयोग? शेवटी मागच्या पोरानं पैसे भरले आणि माझी नोट घेतली.

मुसाफिर_पुणेकर:
काका, २०१८ सोडा. २०२३ पासून मोबाइलवरून पैसे भरायच्या अलीपे आणि वीचॅट या अॅपना आपलं परदेशी कार्ड जोडणं बरंच सोपं झालंय. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला वरचं शुल्कही नाही. मला दहा दिवसांत नोट काढावी लागली नाही.

खवचट_काका:
म्हणजे मोबाइल लागतोच! आणि चार्जिंग संपलं की पॉवरबँक भाड्यानं घ्यायची, तीही मोबाइलनंच कोड स्कॅन करून. त्याच शहरात २०१३ साली उघडलेलं ग्लोबल सेंटर बघा. १७ लाख चौरस मीटरची इमारत, आत समुद्रकिनारा, आणि सूर्योदय भल्यामोठ्या पडद्यावर. याला चावडी म्हणायचं?

ग्वांगझूकर:
पडद्यावरच्या सूर्याला हसू नका काका. चेंगडूला आभाळ इतकं दाटलेलं असतं की सूर्य दिसला तर तिथली कुत्री भुंकतात, अशी चिनी म्हण आहे. :) बाकी मी नऊ वर्षं या देशात आहे, तुम्हा दोघांचंही पूर्ण पटत नाही. आमच्यासारख्यांची घरं लहान. उन्हाळ्यात ग्वांगझूत जीव नकोसा होतो, म्हणून माणसं मॉलमध्ये. खरेदी मात्र घरी येऊन मोबाइलवर. त्यामुळे मॉलवाल्यांना खाणंपिणं, सिनेमा, मुलांचे क्लास यांवर तगावं लागतं. सगळ्यांना जमत नाही. डोंगग्वानचा साउथ चायना मॉल २००५ साली दोन हजारांहून जास्त दुकानांच्या जागेसह उघडला आणि वर्षानुवर्षं जवळजवळ ओस होता. तुमच्या चावडीला गिऱ्हाईक लागतं, मुसाफिर.

तिरफळ:
तात्त्विक भांडण चालू द्या, मी जेवणाचं सांगते. हॉटपॉटमधला (म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्शात शिजवून खायचं ते) तो जीभ बधिर करणारा हुआजिआओ म्हणजे आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळातला. आमच्याकडे मालवणात बांगड्याच्या तिखल्यात चार-पाच दाणे पडतात, तिथं मूठभर! हायडीलाओ या हॉटपॉटवाल्यांच्या हॉटेलात नंबर लागेपर्यंत फुकट खाऊ देतात आणि नखंही रंगवून देतात. मी दीड तास बसले, कंटाळले नाही. काका, आपल्याकडे रविवारी हॉटेलबाहेर ताटकळताना कुणी पाणी तरी विचारतं का?

खवचट_काका:
ताई, नखं रंगवून घेण्याचं माझं वय गेलं. चार तरुण, दोन आजोबा बसलेले दिसले म्हणून जागा सगळ्यांची होत नाही. झाडूवाली बाई सुट्टीच्या दिवशी तिथं येऊन बसते का, ते सांगा.

मुसाफिर_पुणेकर:
हे मी बघितलं नाही. प्रश्न रास्त आहे.

ग्वांगझूकर:
आमच्या इथल्या मॉलमध्ये डिलिव्हरीवाली पोरं दुपारी मागच्या जिन्यात बसून डबा खातात. पुढच्या बाकांवर नाही. कुणी मनाई केलेली मी ऐकली नाही, तरी नाही.

खवचट_काका:
बरं, तो पांडाचा चेहरा फुकट बघता येतो की तिकीट आहे?

मुसाफिर_पुणेकर:
फुकट. सेल्फीवाल्यांची रांग असते, सकाळीच जा.