थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर सोनोग्राफी किती वेळा करावी?

प्रश्न (देवगड): आईच्या थायरॉइडमधील ७ मिलिमीटरची पॅपिलरी (सहसा संथ वाढणाऱ्या प्रकारच्या) कर्करोगाची गाठ अर्ध्या ग्रंथीसह काढली आहे, आता दर तीन महिन्यांनी तिला घाट चढून कोल्हापूरला सोनोग्राफीसाठी न्यावे का?

उत्तर (चिपळूण): गाठ ग्रंथीतच सीमित असेल आणि लसिकाग्रंथींत (मानेतल्या लिम्फ नोड्समध्ये) प्रसार नसेल, तर साधारणतः ६ ते १२ महिन्यांनी पहिली तपासणी पुरते व ती निर्दोष आल्यास पुढचे अंतर वाढवता येते, वारंवार तपासल्याने निरुपद्रवी ठिपके दिसून जिवाला उगीच घोर लागतो, असे माझे मत आहे.

उत्तर (मालवण): उरलेली अर्धी ग्रंथी थायरोग्लोब्युलिन (कर्करोग परतला का हे पाहण्यासाठी रक्तात मोजले जाणारे थायरॉइडचे प्रथिन) तयार करतच राहते, म्हणून केवळ रक्ताच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. मागचा सोनोग्राफीचा अहवाल मात्र सोबत न्यावा.

प्रश्नकर्ती: पॅथॉलॉजीच्या अहवालात लसिकाग्रंथींचा उल्लेखच नाही; सर्जनना तेवढे विचारून घेते.