मदत हवी आहे: गाडी फिरलीच नाही, इन्शुरन्सचे थोडे पैसे परत मिळतात का?

मंडळी, एक विचारायचं होतं. कारचा इन्शुरन्स घेताना वर्षाला अंदाजे किती किमी चालवणार असं विचारलं होतं, मी तेव्हा रोज ऑफिसला गाडीनेच जायचो म्हणून बिनधास्त 15000 सांगितले आणि प्रीमियम त्यावरच ठरला. मग काम घरूनच सुरू झालं आणि आता आठ महिन्यांत मीटर जेमतेम 2900 ने पुढे सरकलाय, काचेवर धूळ इतकी की पोरांनी बोटाने नावं लिहून ठेवलीयत, बॅटरी एकदा उतरली ते वेगळंच. कस्टमर केअरला एक जण म्हणतो रिन्यूअलला बघू, दुसरी म्हणते मीटरचा फोटो मेल करा. फोटो तारखेसकट काढलाय, सर्व्हिसिंगच्या बिलावरही रीडिंग आहेच. पॉलिसी मधेच कॅन्सल नाही करायची, चार्जेस कापले जातील आणि चोरी, आग याची भीती गाडी उभी असली तरी असतेच ना. फक्त किमी कमी करून उरलेल्या महिन्यांचा फरक हवाय. असा कुणाला मिळालाय का? मेलमध्ये नेमकं काय लिहिलंत, आणि पैसे खात्यात आले की पुढच्या प्रीमियममधून वजा केले?