व्याज कमी पण खात्याला फी, कार्ड बदलू का?

गोंधळेश्वर (धागाकर्ता)
क्रेडिट कार्डावर ४०,००० थकलेत. का थकले ते विचारू नका, थकले. व्याज महिना ३ टक्के, कार्डाला वार्षिक फी नाही आणि त्याच बँकेत खातं आहे त्यालाही फी नाही. आता दुसरी एक बँक मागे लागलीये, त्यांचं कार्ड महिना २ टक्के, पण अट अशी की खातं त्यांच्याकडेच पाहिजे आणि त्या खात्याची फी महिना २००. थकबाकी आम्हीच तिकडे हलवून देतो म्हणाले. माझा हिशोब सरळ आहे, एक टक्का फरक म्हणजे महिन्याला ४०० वाचले, त्यातले २०० फीत गेले तरी २०० उरले. दर महिन्याला व्याज भरून वर मुद्दलात ५,००० टाकणार आहे, ते नक्की. ताई अकाउंट्समध्ये आहे, ती म्हणते उगाच उड्या मारू नकोस. तुम्हाला काय वाटतं?

चिमटा
यात विचारायचं काय? ३ टक्के महिना म्हणजे वर्षाला ३६ नाही रे, व्याजावर व्याज धरलं तर ४२.५८ होतात. २ टक्क्यांचे २६.८२. एवढा फरक आणि तू २०० च्या फीला घाबरतोयस. बदल आणि मोकळा हो.

हिशोबी हडळ
चिमटा, तो व्याज दर महिन्याला भरतोय ना, मग व्याजावर व्याज चढेल कुठून? त्याच्यासाठी ३६ आणि २४ च. मोठे आकडे दाखवून माणसाला पळवू नकोस.

आणि गोंधळेश्वर, तुझे ते ४०० फक्त पहिल्या महिन्याचे. पुढच्या महिन्यात मुद्दल ३५,००० म्हणजे वाचले ३५०, मग ३००, २५०, २००, १५०, १००, ५०. आठ महिन्यांची बेरीज १,८००. फी मात्र खाली येत नाही, आठ महिने २०० प्रमाणे १,६००. म्हणजे एवढी सगळी कागदपत्रं, नवीन खातं, नवीन पासवर्ड करून हातात किती, तर २००. पाचव्या महिन्यापासून तर फी वाचलेलं सगळं किंवा त्याहून जास्त खातेय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

चिमटा
मग सावकाश फेडू दे की. ५,००० ऐवजी २,००० भर, थकबाकी जास्त दिवस राहील, कमी व्याजाचा फायदाही जास्त दिवस मिळेल.

हिशोबी हडळ
केला तोही हिशोब, गंमत बघ. २० महिने लागतात, व्याजात वाचतात ४,२००, फी जाते ४,०००. परत २००च!! समान हप्त्यांनी फेडलं तर हप्ता कितीही धर, उरतात २००च, कारण थकबाकी सरासरी निम्म्याच्या जरा वर राहते, निम्म्याचा एक टक्का म्हणजे बरोब्बर तुझी फी आणि वरच्या त्या 'जरा'चे सगळे महिने मिळून २००. शिवाय सावकाश फेडलंस तर एकूण व्याज वाढतं ते वेगळंच, म्हणजे फायदा तोच आणि खर्च डबलच्या वर.

निवांत
थकबाकी हलवायची फी किती ते विचारलंस का? फुकट कोणी हलवत नाही.

गोंधळेश्वर
आत्ताच फोन केला. २ टक्के. म्हणजे ८०० पहिल्याच दिवशी. 🤦
पण एक सांगायचं राहिलं, खात्यात १०,००० कायम ठेवले तर ती २०० ची फी माफ आहे. मग तर फायदा आहे ना? १,८०० वजा ८००, हजार उरतात.

चिमटा
बघा! मी काय म्हणत होतो. फी माफ म्हणजे विषय संपला.

हिशोबी हडळ
संपला कसा, इथेच तर सुरू होतो. ते १०,००० थकबाकीत भरले असते तर २ टक्क्यांनी महिन्याला किती व्याज वाचलं असतं? २००. म्हणजे फी तू देतोयसच, फक्त पावती मिळत नाही. शिल्लक खात्यावर बँक तुला जे काही व्याज देते ते यापुढे किरकोळ आहे.

आणि मुळात ते १०,००० आत्ता आहेत कुठे?

गोंधळेश्वर
सध्याच्या खात्यात. पडून.

हिशोबी हडळ
अरे मग भर ना बाबा ते!! आहे त्याच कार्डात. ३ टक्क्यांनी महिन्याला ३०० वाचले, कुठे सही नाही की काही नाही. तुझा कार्ड बदलायचा फायदा पहिल्या महिन्यातसुद्धा २००च होता.

खडूस
इथे मात्र हडळबाईंशी असहमत. हिशोब कागदावर बरोबर पण सगळी गंगाजळी कार्डात ओतली आणि उद्या दवाखाना निघाला तर? परत कार्डच घासणार.

हिशोबी हडळ
घासू दे, मग आज आहे तिथेच परत येईल, वाईट काय झालं? मधल्या महिन्यांचं व्याज तर वाचलं.

खडूस
जिथे कार्ड चालत नाही तिथे काय करणार? मशीनमधून कार्डावर रोख काढली तर वेगळी फी आणि व्याज त्याच दिवसापासून, बिनव्याजी दिवस वगैरे काही नाही. शिवाय बँक लिमिट कमी करू शकते, खात्यातली रोख कोणी कमी करत नाही. मी तरी थोडे ठेवूनच भरीन.

निवांत
दोघांच्या भांडणात एक राहतंय. थकबाकी असताना बहुतेक कार्डांवर नवीन खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते बिनव्याजी दिवस पूर्ण बिल भरणाऱ्यालाच. तेव्हा जुनं असो की नवं, थकबाकीवाल्या कार्डावर रोजची खरेदी बंद कर आधी. आणि ज्याचं बिल दर महिन्याला पूर्ण जातं त्याने व्याजदर बघूच नये, त्याच्यासाठी २ काय आणि ३ काय, त्याने फक्त फी बघायची. तुझं आज उलट आहे, पण आठ महिन्यांनी तूही त्यांच्यातलाच होणार आणि ते फीवालं खातं तेव्हाही गळ्यात असणार.

चिमटा
बरं ठीके, हे कार्ड नको. पण बदलूच नको हे मला पटत नाही. थकबाकी हलवली तर सहा महिने शून्य व्याज अशा स्कीम असतात, हलवायची फी ३ टक्के धर, म्हणजे १,२००. आहे तिथेच राहिला तर सहा महिन्यांत व्याज किती जातं हडळ? सांग ना तूच.

हिशोबी हडळ
४,९५०. ३,७५० वाचतात, खात्याची फी नसेल तर. हे मान्य.

चिमटा
स्क्रीनशॉट काढून ठेवतो हा 😂

खडूस
पण त्यात एक हप्ता उशिरा गेला की बऱ्याचदा स्कीमच रद्द होते, आणि सहा महिन्यांनंतरचा दर कोणी बघत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जुनं कार्ड रिकामं झालं की हात शिवशिवतात. दोन्हीकडे थकवून बसलेले पाहिलेत मी.

निवांत
जुनं कार्ड बंद करणार असशील तर माझं ऐकून ठेव. मी बिलावरचा आकडा पूर्ण भरला आणि कार्ड कापून टाकलं. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात आलं, ७० की ८० होते, ते बिल मी उघडलंच नाही कारण माझ्या लेखी कार्ड संपलं होतं. तीन महिन्यांनी लेट फी, त्यावर व्याज, आणि वर वसुलीवाल्याचा फोन. ८० साठी. तेव्हा शून्य थकबाकीचं पत्र हातात आल्याशिवाय कात्री लावू नये आणि त्या कार्डावरून आपोआप कापली जाणारी बिलं आधी दुसरीकडे वळवावीत.

गोंधळेश्वर
अपडेट. ८,००० भरले आत्ता, २,००० खात्यात ठेवले (खडूस, तुमच्यासाठी). त्या फीवाल्यांना नको म्हणून सांगितलं, बाई म्हणाल्या सर ऑफर परवापर्यंतच आहे. शून्यवाल्या कार्डाची चौकशी करतोय, खात्याची अट आहे का ते पहिलं विचारणार.

हिशोबी हडळ
आणि ताई?

गोंधळेश्वर
तिला धाग्याची लिंक द्यायचं धाडस होत नाहीये. तुमचे आणि तिचे अर्धे शब्द सेम आहेत.