मदत हवी आहे : बहिणीचा थायरॉइड रिपोर्ट

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला चार महिने झाले. छातीत धडधडतं, हात थरथरतात, भूक चांगली असूनही वजन उतरतंय. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) ०.०१, म्हणजे फारच कमी, आणि फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) वाढलेलं. हा ग्रेव्हज (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला जास्त काम करायला लावते तो आजार) आहे की बाळंतपणानंतरची थायरॉइडची सूज, हे कळायला डॉक्टरांनी टीआरएबी (ग्रेव्हजमधल्या अँटिबॉडी शोधणारी) रक्ततपासणी सांगितलीय. सूज बहुधा आपली आपण ओसरते, त्या सुजेला कार्बिमाझोल (थायरॉइडचं काम कमी करणारी गोळी) लागत नाही, म्हणून गोळ्यांची घाई नको म्हणाले. बाळ अंगावर पितंय, त्यामुळे थायरॉइडचा किरणोत्सर्गी औषध देऊन करतात तो स्कॅन टाळलाय.

ती केसांसाठी बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घेत होती. त्यानेही रिपोर्ट चुकू शकतो, आणि आम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं! तुमच्यापैकी कुणी ते बंद करून किती दिवसांनी पुन्हा रक्त दिलं? टीआरएबी निगेटिव्ह आलेल्यांचं टीएसएच पुढे उलट वाढलं, म्हणजे थायरॉइड मंदावलं का? रात्रभर ती जागी असते, बघवत नाही.